जुन्या बोटीवरचा बोजा: मुंबईतली कोणती खिडकी किती कामाची

जुनी गाडी घेताना 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकला की बँकेचं हायपोथेकेशन (कर्जाचं तारण) आहे की नाही ते लगेच दिसतं. बोटीला अशी एक खिडकी नाही. मुंबईत जुनी बोट घेणाऱ्याला मालकी एका दप्तरात, कर्ज दुसऱ्यात आणि कोर्टाची जप्ती तिसऱ्यात शोधावी लागते. खलाशांचा थकलेला पगार तर कुठल्याच दप्तरात सापडत नाही. म्हणून इथे या सगळ्या वाटांचं परीक्षण केलं आहे: कुठे काय कळतं, काय राहून जातं, पैसे कशावर खर्चावेत आणि कशावर नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. नोंदणी कार्यालयातला प्रमाणित उतारा सगळ्यात मोलाचा. सेरसाईचा, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीचा, 'नोंद नाही' असा कागद सगळ्यात फसवा. आणि मच्छीमार बोट असेल, तर गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवासमोर घालवलेला अर्धा तास वकिलाच्या जाडजूड अहवालात नसलेलं बरंच काही सांगून जातो.

आधी बोट कोणत्या दप्तराची ते ठरवा

ही पायरी चुकली की पुढची सगळी धावपळ वाया. मासेमारीची बोट मत्स्यव्यवसाय विभागाकडे. तिची नोंदणी आणि परवाना 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन प्रणालीतून होतो. नोंदणी क्रमांक 'आयएनडी-एमएच'ने सुरू होतो, पुढे अंक, मग यांत्रिक बोटीसाठी 'एमएम' आणि शेवटी बोटीचा आकडा. मासेमारीचा परवाना हा वेगळा कागद आहे, तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. नोंदणी आहे म्हणजे परवानाही चालू आहे असं धरू नका.

बंदरात किंवा खाडीत चालणारी प्रवासी लाँच, पर्यटकांची स्पीडबोट, पार्ट्यांसाठी भाड्याने जाणारी बोट ही सहसा महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या दप्तरात, अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ खाली. बोर्डाचं मुख्य कार्यालय बॅलार्ड इस्टेटला आहे, पण नोंदणी ज्या प्रादेशिक बंदर कार्यालयात झाली तिथेच मूळ नोंद असते. त्यामुळे दाखल्यावरचा शिक्का वांद्र्याचा आहे की उरणजवळच्या मोऱ्याचा, हे आधी वाचा.

समुद्रात जाणारी मोठी बोट किंवा यॉट मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या (केंद्र सरकारचं जहाज नोंदणीचं खातं) नोंदवहीत असते. इथे एक फट लक्षात ठेवा. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात निव्वळ १५ टनांपर्यंतच्या, फक्त भारताच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या जहाजाला नोंदणीच्या सक्तीतून सूट होती. त्यामुळे खासगी वापराच्या बऱ्याच लहान बोटींचा कागद म्हणजे बांधणाऱ्याचं बिल आणि एक नोटरी केलेला करारनामा, एवढाच निघतो. अशा बोटीची मालकी कोणतंही सरकारी दप्तर सिद्ध करत नाही. पहिल्या बिलापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा कागद आणि बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, ही साखळी सलग असेल तरच पुढे जावं. मधला एक दुवा 'तो मित्रच होता, कागद केला नाही' असा असेल, तर त्या मित्राकडून आत्ता लिहून आणायची जबाबदारी विक्रेत्याची.

जाहिरातीत 'पेपर क्लिअर' असं लिहिलेलं असतं. दलालाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की नोंदणीचा दाखला हातात आहे. बोजा नाही असा त्याचा अर्थ कधीच घेऊ नये.

नोंदणी कार्यालयाचा उतारा: पहिलं काम, सगळ्यात भरवशाचं

विक्रेत्याने दिलेली झेरॉक्स पाहून समाधान मानू नका. विक्रेत्याकडून एक अधिकारपत्र घ्या: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, 'या व्यक्तीला माझ्या बोटीच्या नोंदींची माहिती व प्रमाणित प्रत द्यावी' असं वाक्य, सही, ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत. हे पत्र जोडून नोंदणी कार्यालयाकडे नोंदवहीच्या प्रमाणित उताऱ्याचा लेखी अर्ज करा. अर्जात प्रश्न सुटे सुटे लिहा. आजचा नोंदणीकृत मालक कोण? भागीदार असतील तर कोणाचा किती हिस्सा? गहाण, हायपोथेकेशन किंवा बँकेचं पत्र फाइलला आहे का? कोर्टाचा, वसुली अधिकाऱ्याचा किंवा पोलिसांचा मनाई आदेश आला आहे का? दाखल्याची दुय्यम प्रत कधी दिली आहे का? 'बोटीची माहिती मिळावी' एवढंच मोघम लिहिलं, तर उत्तरही मोघमच येतं.

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण खाचखळगे तिथेच असतात. कर्ज देणारा अनेकदा मूळ दाखला स्वतःकडे ठेवून घेतो. मग मालक पोलिसांत हरवल्याची तक्रार आणि प्रतिज्ञापत्र देऊन दुय्यम दाखला काढतो आणि तो दाखवून बोट विकायला काढतो. दाखल्यावर 'दुय्यम' दिसलं की मूळ प्रत कुठे गेली याचं लेखी उत्तर हवंच. शिवाय ज्या तारखेला तो दिला, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचं विक्रेत्याचं बँक खातं पाहायला मागा. दरमहा जाणारा हप्ता लपत नाही.

मर्कंटाइल मरीनच्या नोंदवहीचा उतारा या बाबतीत सर्वांत वरचढ आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणे जहाजाची मालकी दहा हिश्श्यांत मांडली जाते, गहाणखत नोंदवहीत चढतं, आणि दोन गहाणखतं असतील तर आधी नोंदलं गेलेलं आधी फेडलं जातं. कर्ज फिटलं तरी तशी नोंद झाल्याशिवाय बोजा कागदावर उभाच राहतो. 'बँकेचे पैसे कधीच फेडलेत' हे तोंडी सांगणं इथे चालत नाही. गहाण मुक्त झाल्याची नोंद असलेला उतारा दाखवा म्हणावं. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: खलाशांचं त्या जहाजावरचं सगळं देणं चुकतं केल्याशिवाय आणि नौवहन महासंचालकांना सूचना दिल्याशिवाय हस्तांतर वैध ठरत नाही. २०२५ मध्ये संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा संमत केला आहे, त्यामुळे विक्रीच्या दिवशी कोणता कायदा आणि कोणता नमुना चालतो ते खिडकीवरच विचारून घ्यावं.

मेरीटाइम बोर्ड आणि मत्स्यव्यवसायाच्या नोंदींचं बलस्थान मालकी आणि इंजिन क्रमांक. कर्जाच्या बाबतीत त्या बँकेने पत्र पाठवलं असेल तेवढंच सांगतात. बँकेने पत्र पाठवलंच नसेल तर उतारा कोरा येतो, बोट मात्र कर्जात असते. म्हणून पुढचे शोध.

सेरसाई: दहा रुपयांत शोध, किंमतही तेवढीच

तारणांची ही केंद्रीय नोंदणी २०११ पासून चालू आहे. घर घेताना ती फार उपयोगाची. बोटीच्या बाबतीत मात्र तिच्या मुळाशीच अडचण आहे. ज्या सरफेसी कायद्यातून (बँकांना तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) ही नोंदणी जन्माला आली, त्याच्याच कलम ३१ मध्ये मर्चंट शिपिंग कायद्याच्या व्याख्येतल्या 'जहाजा'वरचं तारण वगळलेलं आहे, आणि त्या व्याख्येत बोटही येते. म्हणजे बँकेने बोटीवरचं तारण इथे नोंदवलं नसेल तर त्यात आश्चर्य काही नाही. काही बँका तरीही नोंदवतात, काही इंजिन यंत्रसामग्री म्हणून नोंदवतात. त्यामुळे शोध घ्यावाच, पण फक्त बोटीच्या नावाने नको. कर्जदाराच्या नावाने, त्याच्या पॅनने, आणि मालक भागीदारी संस्था असेल तर तिच्या नावाने घ्या. नोंद सापडली तर ती सोन्यासारखी माहिती. सापडली नाही तर काहीच सिद्ध झालं नाही, हे मनात पक्कं ठेवा. काही दलाल हाच 'शून्य नोंदी'चा कागद लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानावर लावतात. त्याला भुलू नये.

मालक कंपनी असेल तर

गेटवेसमोर नांगरलेल्या भाड्याच्या यॉटपैकी अनेक खासगी मर्यादित कंपन्यांच्या नावावर असतात. इथे खरेदीदाराचं काम सोपं आहे. कंपनीने बोट तारण ठेवली तर तो बोजा कंपनी निबंधकाकडे सीएचजी-१ या नमुन्यात ३० दिवसांत नोंदवायचा असतो आणि फिटला की सीएचजी-४ भरायचा असतो. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बोज्यांची यादी पाहता येते. मूळ कागद उघडायला थोडं शुल्क पडतं. ते भरा आणि कागद खरंच वाचा. यादीत फक्त बँक आणि रक्कम दिसते. 'कंपनीची सर्व जंगम मालमत्ता, आजची व पुढे येणारी' असं वाक्य आतल्या करारात असतं, आणि त्या एका वाक्यात बोट अडकलेली असते. बोटीचं नाव नाही म्हणून बोट मोकळी, हा तर्क चालत नाही. नोंदलेल्या बोज्याची माहिती खरेदीदाराला होतीच, असं कंपनी कायदा गृहीत धरतो. 'मला ठाऊक नव्हतं' हा बचाव तिथेच संपतो.

कंपनीच्या विक्रीला संचालक मंडळाचा ठरावही लागतो. व्यवस्थापकाने स्वतःच्या सहीने विकलेली बोट पुढे भांडणाला आमंत्रण आहे.

हायकोर्ट: बोटीच्याच नावाने शोधा

बोटीवरचा दावा मालकावर न होता थेट बोटीवर होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयात असे दावे 'कमर्शियल ॲडमिरल्टी सूट' (व्यापारी सागरी दावा) म्हणून लागतात आणि प्रतिवादीच्या जागी बोटीचं नाव असतं. कोर्टाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध फुकट आहे. बोटीचं नाव, जुनी नावं, स्पेलिंगचे सगळे प्रकार टाकून पाहा. 'जय मल्हार' नावाच्या बोटी किती निघतील याचा विचार करा. सापडलेला प्रत्येक खटला नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावा लागतो. मग मालकाच्या नावाने उच्च न्यायालय, शहर दिवाणी न्यायालय आणि कर्जवसुली न्यायाधिकरण असे तीन शोध. हे घरबसल्या होतं, आणि रुपयाभराच्या खर्चाशिवाय एवढी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

आता इथला गाभा. ॲडमिरल्टी कायदा २०१७ चा, लागू १ एप्रिल २०१८ पासून. कलम ९ मध्ये पाच प्रकारची देणी अशी आहेत की ती बोटीला चिकटतात आणि मालक बदलला तरी सुटत नाहीत. कप्तान आणि खलाशांचा पगार. बोट चालवताना झालेला मृत्यू किंवा इजा. बुडत्या बोटीला वाचवल्याचा मोबदला. बंदराची आणि वाटाड्याची देणी. आणि बोटीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, त्यात जहाजावरच्या मालाचं धरत नाहीत. साधारण मुदत एक वर्ष, पगाराच्या बाबतीत रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं. या मुदतीत दावेदाराने बोट अटकेत घेतली नाही तर हक्क संपतो.

डिझेलवाला, बर्फवाला, जाळी पुरवणारा, दुरुस्ती करणारा यांची उधारी या पाचांत नाही. त्यांचाही सागरी दावा होतो, पण साधारणपणे देणं झालं तेव्हाचा मालक अटकेच्या दिवशीही मालक असला तरच बोट धरता येते. विक्री खरी असेल आणि नाव बदललं असेल, तर ती उधारी जुन्या मालकामागे जाते. नाव बदलायला तुम्ही सहा महिने लावलेत तर मात्र तेवढे सहा महिने बोट कागदोपत्री त्याचीच, आणि उधारीही बोटीवरच.

दोन अपवाद उपयोगी आहेत. अंतर्देशीय जहाजाच्या व्याख्येत बसणाऱ्या बोटीला हा कायदा लागू नाही. तिथे दावेदार साध्या दिवाणी कोर्टात जातो. बंदरातली एखादी लाँच त्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद होऊ शकतो, तेव्हा किंमत मोठी असेल तर वकिलाचं लेखी मत घ्यावं. दुसरा अपवाद खरेदीदाराच्या फायद्याचा: उच्च न्यायालयाने या कायद्याखाली लिलावात विकलेली बोट सगळ्या बोज्यांतून मोकळी होऊन मिळते. मालकीच्या दृष्टीने याहून स्वच्छ खरेदी नाही. हालत मात्र 'आहे तशी'. नांगरावर पडून राहिलेल्या बोटीचं इंजिन आणि तळ यांचा खर्च वेगळा धरावा लागतो.

मच्छीमार बोट: खरं दप्तर संस्थेत

वर्सोवा, मढ, भाटी, वरळी, माहीम, कफ परेड, कुठलाही कोळीवाडा घ्या, बोटीचा आर्थिक इतिहास मच्छीमार सहकारी संस्थेच्या कपाटात असतो. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून यांत्रिक नौकांसाठी जे कर्ज आलं, ते शासनाकडून संस्थेला आणि संस्थेकडून सभासदाला असं आलं. बोट तारण. ही कर्जं जुनी आहेत, अनेकांची थकली, आणि वसुलीचा तगादा पिढी बदलली तरी चालू राहिला. यातलं काही सेरसाईत किंवा कंपनी निबंधकाकडे दिसणार नाही. म्हणून दोन कागद वेगवेगळे मागायचे: संस्थेचा बेबाकी दाखला (काही देणं बाकी नाही असा) आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाचा निगमाच्या कर्जाविषयीचा ना देय दाखला. एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही.

संस्थेत बसलात की डिझेलच्या खात्याचा उतारा, बर्फाची उधारी, आणि डिझेलवरच्या कराची प्रतिपूर्ती कोणत्या नावावर जमा होते, हे तिन्ही विचारा. प्रतिपूर्ती भलत्याच नावावर जात असेल तर बोट चालवणारा आणि कागदावरचा मालक वेगळे आहेत, आणि तुम्ही चुकीच्या माणसाशी भाव करताय. पतसंस्थेच्या कर्जाचंही पाहा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला की वसुली अधिकारी बोट जप्त करू शकतो, आणि त्या जप्तीचं पत्र बोटीच्या नोंदणीपर्यंत पोचलेलं असेलच असं नाही.

मासळीच्या व्यापाऱ्याची उचल ही आणखी एक गोष्ट. हंगामाआधी मालक व्यापाऱ्याकडून पैसे उचलतो आणि माल त्यालाच घालायचं कबूल करतो. कायद्याने ती बोटीला चिकटत नाही. धक्क्यावर मात्र तो व्यापारी पहिल्याच फेरीला तुमच्यासमोर उभा राहतो. विक्रीपूर्वी त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या की विषय संपला.

मग खलाशी. इथे मजुरीचा दोन वर्षांचा हक्क आठवा. मुंबईत बोटी विकायला निघतात त्या बहुतेक मे अखेरीस किंवा जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली. हंगामाचा हिशेब याच दिवसांत होतो, खलाशी गावी परततात. गुहागरचा, पालघरचा किंवा परराज्यातला खलाशी एकदा गेला की त्याला शोधणार कोण? म्हणून हिशेबाच्या दिवशीच तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि प्रत्येक खलाशाची 'माझी सर्व मजुरी मिळाली, बोटीवर काही येणं नाही' अशी सही नाव, गाव आणि आधारच्या शेवटच्या चार अंकांसह घ्यावी. मालकाने दिलेलं 'सगळ्यांचं चुकतं केलं' हे प्रतिज्ञापत्र खलाशाला बांधत नाही.

वारसांचा गुंता याच बोटींत जास्त. दाखल्यावर वडिलांचं नाव, वडील जाऊन दहा वर्षं झाली, मोठा मुलगा बोट चालवतो आणि तोच विकतोय. त्याच्या एकट्याच्या सहीने त्याचा स्वतःचा हिस्साच येतो. जे त्याचं नाही ते तो देऊ शकत नाही, मालविक्री कायदा १९३० चं हे मूळ सूत्र. आई, भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, सगळ्यांचं संमतीपत्र हवं. आधी वारसांच्या नावावर नोंद, मग विक्री, हाच क्रम धरा. उलट क्रमाने करून देतो म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका.

बोटीवर चढून ताडायच्या गोष्टी

कागद खरे असले तरी ते याच बोटीचे आहेत का? इथे फीत, टॉर्च आणि पेन्सिल पुरे. दाखल्यावर लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते. फीत लावून मोजा. चार-सहा इंचांचा फरक मोजणीच्या पद्धतीने पडू शकतो. दोन फुटांचा फरक पडला तर जुन्या नंबरवर नवी बोट बांधलेली असण्याची शक्यता मोठी. दाखल्यावर 'लाकडी' आणि समोर फायबर, हा त्याच प्रकाराचा उघडा नमुना. असल्या बोटीचा विमा दावा फेटाळला जातो आणि परवान्याच्या नूतनीकरणाला प्रश्न निघतो.

आयात बोटीला हल क्रमांक (बोटीच्या बॉडीचा ओळख क्रमांक) असतो, सहसा मागच्या आडव्या फळीवर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ. देशाचा कोड धरून चौदा अक्षरं-अंक. शेवटच्या चारांत बांधणीचा महिना, वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. टॉर्च तिरका धरून पाहा. क्रमांकाभोवती जेलकोटची (फायबरवरचा गुळगुळीत थर) चमक वेगळी, घासल्याच्या बारीक रेषा, अक्षरांची खोली कमीजास्त, यातलं काही दिसलं तर क्रमांकाला हात लागलेला आहे. आरटीओत चॅसिस नंबरची छाप घेतात तशी कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या. डोळ्यांना न दिसणारा खोडलेला आकडा कागदावर उमटतो. स्थानिक फायबर बोटींना बहुधा असा क्रमांक नसतोच, तिथे बांधणाऱ्याचं बिल आणि मापं यांवरच भिस्त.

आउटबोर्ड इंजिनाचा क्रमांक बोटीला अडकवायच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवर असतो. ब्रॅकेट बदलता येतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. मर्क्युरी कंपनीच्या इंजिनांत तोच क्रमांक इंजिन ब्लॉकवरच्या गोल धातूच्या बुचावरही ठोकलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. मच्छीमार बोटीतल्या लेलँडसारख्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनाची पट्टी रिव्हेटने लावलेली असते. इंजिन गंजलेलं, तेलकट आणि रिव्हेट नवेकोरे चकचकीत, तर पट्टी दुसरीकडून आली. दारूखान्याच्या भंगार बाजारात जुनी इंजिनं सुटी मिळतात, त्यामुळे बदललेलं इंजिन हा गुन्हा नव्हे. पण बदललेल्या इंजिनाचं बिल हवं, नोंदणीत नवा क्रमांक चढलेला हवा, आणि ते हप्त्यावर घेतलेलं नसावं. बोट मोकळी आणि इंजिन कर्जात, असं जोडपं सर्रास आढळतं.

विम्याची पॉलिसी मागून घ्या, चालू नसेल तर जुनी. पॉलिसीच्या पहिल्या पानावर बँकेचं नाव असतं, कारण नुकसानभरपाई आधी तिला जायची असते. कर्ज लपवणारा माणूस दाखला लपवतो, पॉलिसीचं त्याच्या लक्षातही येत नाही.

बोट दुरुस्तीच्या यार्डात उभी असेल तर यार्डमालकाशी स्वतः बोला. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कामाचे पैसे मिळेपर्यंत तो बोट अडवून ठेवू शकतो, मग मालक तुम्ही असा की आणखी कोणी. नांगराच्या जागेचं भाडं आणि बंदराची थकबाकी यांचीही शेवटची पावती पाहा. बंदराची देणी वरच्या पाचांत आहेत हे विसरू नका.

परदेशातून आलेल्या यॉटला बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि शुल्क भरल्याची पावती नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. शुल्क चुकवलेली बोट कस्टम्स जप्त करू शकतं, आणि तुम्ही प्रामाणिक खरेदीदार आहात हे सांगण्यात वर्षं जातात. परदेशी झेंड्याखालच्या बोटीसाठी त्या देशाच्या नोंदवहीचा ताजा उतारा वेगळा काढावा लागतो.

वकिलाचा शोध-अहवाल घ्यावा का?

पाच-सात लाखांच्या बोटीला वरची कामं स्वतः केली तरी चालतं. किंमत पंचवीस लाखांवर गेली, मालक कंपनी असली किंवा बोट आयात असली, तर फोर्ट-बॅलार्ड इस्टेट भागातल्या सागरी कायद्याच्या वकिलाचा अहवाल पैसे वसूल करून देतो. पण अहवाल कसा मागायचा ते ठरवा. कोणती दप्तरं, कोणत्या तारखेला, कोणत्या स्पेलिंगने, किती वर्षं मागे जाऊन पाहिली, हे त्यात नसेल तर तो अहवाल नव्हे, लेटरहेड आहे. 'आम्हाला दाखवलेल्या कागदपत्रांवरून' असं सुरू होणारं मत म्हणजे विक्रेत्याचीच झेरॉक्स दुसऱ्यांदा विकत घेणं. सर्वेअर लागतो तो बोटीच्या हालतीसाठी; मालकीबद्दल तो मत देत नाही, द्यायलाही नको.

पैसे देण्याचा क्रम

टोकन कमी ठेवा, आणि पावतीवर लिहा: उतारा, बेबाकी दाखले आणि कोर्टाचे शोध निर्दोष आले तरच व्यवहार, नाहीतर टोकन परत. बँकेचं कर्ज असेल तर बँकेकडून त्या तारखेपर्यंतची फेडीची रक्कम लेखी घ्या आणि तेवढे पैसे डिमांड ड्राफ्टने किंवा आरटीजीएसने थेट कर्ज खात्यात भरा. विक्रेत्याच्या हातात देऊन 'तो भरेल' यावर सोडू नका. बँकेची एनओसी, मूळ कागद आणि नोंदवहीतला बोजा उतरल्याची नोंद, हे तिन्ही हातात आल्यावर पुढचा हप्ता. रोखीचा मोह टाळा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख दिलेल्या पैशाचा कोर्टात पुरावाही उरत नाही.

विक्रीखतात बोट, इंजिन, जाळी, जीपीएस, वायरलेस, सगळं क्रमांकासह लिहा. 'हस्तांतराच्या तारखेपूर्वीचं कोणतंही देणं निघाल्यास विक्रेता भरून देईल' ही ओळ सगळेच घालतात. तिला दात हवे असतील तर किंमतीतला काही भाग, निदान दहा टक्के, वर्षभर वकिलाकडे किंवा मुदत ठेवीत अडकवून ठेवा. विक्रेता कुरकुर करतोच. बोट खरंच मोकळी असेल तर तो भावात थोडं कमी करून मागेल, पण कबूल होईल. जो अजिबात तयार होत नाही त्याच्या खलाशांच्या सह्या पुन्हा एकदा तपासा.

हस्तांतराच्या दिवशी सकाळी हायकोर्टाच्या संकेतस्थळावरचा शोध परत एकदा घ्या, नोंदणी कार्यालयात उताऱ्यानंतर नवं पत्र आलंय का ते विचारा, आणि मगच शेवटचा ड्राफ्ट द्या. ताबा घेतल्याची वेळ तारखेसह लिहून दोघांनी सही करावी; त्या मिनिटानंतर झालेली टक्कर तुमची, आधीची त्याची. नावबदलाचा अर्ज त्याच दिवशी दाखल करून पोच घ्या, विमा त्याच दिवसापासून तुमच्या नावावर सुरू करा, आणि मच्छीमार बोट असेल तर नवा परवाना हातात येईपर्यंत ती धक्क्यावरच राहू द्या.